अंगण कुणी खोदलं?



शांतता कुणाला नको असते? पण शांतता आभाळातून पडत नाही. ती बांधावी लागते. तिला दगड लागतो, पाणी लागतं, जागा लागते. म्हणजे कुणाचे तरी हात झिजतात आणि कुणाची तरी जागा जाते. हल्ली आपली पोरं रानाच्या कडेला विहार बांधायचं बोलतात. पुढं मोकळं अंगण, बसायला कट्टा, ध्यानाला सावली. बांधा. माझा सवाल एवढाच : ते अंगण कुणाच्या जिवावर शांत राहणार?

याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. बोरिवलीच्या रानात कान्हेरी आहे. काळ्या कातळात शंभरावर लेणी. सुमारे हजार वर्षं तिथं भिक्खू राहिले. कित्येक लेण्यांपुढं छोटं अंगण आहे, कातळातच कोरलेला कट्टा आहे, बाजूला टाकं आहे. डोंगरावर पन्हळी कोरून पावसाचं पाणी टाक्यात उतरवलंय. भोवती संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, सुमारे १०४ चौरस किलोमीटर. बिबटे, चितळ, वानरं. रात्रपाळी संपवून मी कधी तिथं जाऊन बसतो. कानातला साच्यांचा खडखडाट त्या थंड दगडावर हळूहळू निवतो.

पण कामगाराचं डोकं दगड बघून थांबत नाही. हा फोडला कुणी, हे विचारतं.

विनयात वर्षावासाचं कारण दिलंय. भिक्खू पावसाळ्यात हिंडत, तेव्हा लोकांनी तक्रार केली की हे हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. म्हणून बुद्धानं तीन महिने एका जागी राहायला सांगितलं. म्हणजे आपल्या शांततेसाठी दुसऱ्याला हाकलू नका, आधी आपला पाय आवरा. हा पहिला धडा.

त्याच विनयात भिक्खूला माती खणायची बंदी, झाडपाला तोडायची बंदी. मग विहार उभा कसा राहिला? दुसऱ्यांच्या हातांनी. इथं गाठ बसते. भिक्खूची अहिंसा निर्मळ आणि घणाचा घाव मजुराच्या माथी, असं झालं तर त्या धर्मात आणि जातीत फरक काय राहिला? घाण एकानं काढायची, पवित्र दुसऱ्यानं व्हायचं, हे तर आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय.

कान्हेरी या सवालावर गप्प नाही. मोठ्या चैत्याच्या शिलालेखात दान देणारे व्यापारी आहेत, देखरेख करणारे भिक्खू आहेत, तसेच दगड घडवणारे आणि घासून गुळगुळीत करणारेही आहेत. दुसरीकडं कल्याणच्या सोनारानं दिलेल्या टाक्याची नोंद आहे, लोहारानं दिलेल्या वाटेची आहे. गिरणीत माझं नाव हजेरीपुरतं. ताग्यावर छाप मालकाचा. त्या दगडावर निदान कारागिराला जागा मिळाली. हा दुसरा धडा. तो पुरा नाही, पण आहे.

आता रानाचं. १९९७ साली मुंबई हायकोर्टानं उद्यानातली अतिक्रमणं हटवायचा हुकूम दिला. पुढं हजारो झोपड्या तुटल्या. रान वाचलंच पाहिजे, बिबट्यानं काय गुन्हा केलाय? पण हद्दीला लागून टॉवर उभे आहेत आणि खिडकीतून जंगल दिसतं म्हणून त्यांना जादा भाव आहे. जंगलाची किंमत झोपडीनं मोजायची आणि शांतता टॉवरनं उपभोगायची, ही कुठली करुणा?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत विचारलंय : भिक्खू हा नुसता परिपूर्ण माणूस व्हायचा, की लोकांचा सेवक व्हायचा? तोच सवाल अंगणालाही लागू आहे. ज्या अंगणात आदिवासी फक्त राखणदार आणि वस्तीतली बाई फक्त झाडूवाली, ते शांत असेल, पण बुद्धाचं नसेल.

म्हणून बांधाल तेव्हा कंपाउंड घालून जनावरांची वाट अडवू नका. रात्री झगझगीत दिवे नकोत, भोंगा नको. उष्टं बाहेर टाकू नका. उष्ट्यामागं कुत्री येतात, कुत्र्यांमागं बिबट्या येतो आणि मग ओरड बिबट्याच्याच नावानं होते. पाड्यातल्या माणसांना आधी विचारा, मग रेघ मारा. घडवणाऱ्यांची नावं दगडावर कोरा आणि त्यांना कट्ट्यावर बसवा.

आणि एक. आपण भिक्खू नाही, आपल्याला माती खणायची बंदी नाही. कुदळ दुसऱ्याच्या हातात देऊ नका. स्वतः उचला.