आरंभाचे ऋण

हाती घेतलेले काम मध्येच टाकून देण्यात दोष आहे काय, आणि असल्यास तो कोणाचा अपराध ठरतो, हा प्रश्न वरवर पाहता प्रपंचातील नित्याच्या अडचणींपैकीच एक वाटतो. कोणाच्या घराचा वरचा मजला अर्धाच राहतो, कोणाच्या ग्रंथाचा दुसरा खंड कधी निघतच नाही, आणि जग चार दिवस बोलून ते विसरून जाते. परंतु ज्याचे काम अपुरे राहिले त्याचे अंतःकरण ते विसरू शकत नाही, आणि वर्षे लोटली तरी त्या कामाची बाकी आपल्या नावावर निघते आहे, ही जाणीव त्याला सोडत नाही. ही बाकी खरी असते की केवळ भासमान, याचा विचार मला एका मोटारगाडीच्या निमित्ताने करावा लागला.

पुण्यातील माझे एक वयोवृद्ध स्नेही, ज्यांची सारी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये झाली, त्यांनी निवृत्तीनंतर आपल्या धाकट्या बंधूंच्या साहाय्याने १९६६ सालची एक फियाट ११०० डिलाइट पूर्ववत करण्याचे काम आरंभिले होते. गाडी संपूर्ण उकलली गेली, इंजिनाचा ब्लॉक रिबोअर होऊन आला, तळाचा सडलेला पत्रा कापून नवा जोडण्यात आला, आणि त्याच सुमारास बंधू वारले. तेव्हापासून सोसायटीच्या मागील शेडला कुलूप लागले ते लागलेच. आता इमारतीचा पुनर्विकास ठरला असून शेड रिकामी करून देण्याची मुदत जवळ आली आहे. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप चालविणारा एक तरुण मात्र गाडी पुरी करण्याच्या इराद्याने बरी रक्कम द्यायला तयार आहे. माझ्या स्नेह्यांची प्रकृती आता अशी नाही की इंजिन त्यांनी स्वतः उचलून बसवावे. पण पैसे खर्चून, माणसे लावून, मुलाच्या जागेत गाडी हलवून काम पुरे करणे त्यांना अगदीच अशक्य आहे असेही नाही. त्यांनी मला बोलावून घेतले आणि एवढेच विचारले: "किमतीचं मी पाहून घेईन. गाडी विकली तर मी नेमकं काय मोडलं असं होईल, तेवढं तुम्ही मला सांगा."

प्रश्न इतक्या नेमकेपणाने विचारला गेल्यावर उत्तरही तसेच द्यावयास हवे होते. म्हणून मी प्रथम ती शेड पाहिली. भिंतीला टेकून चारही दारे उभी होती, पुढील जाळी आणि बंपर जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले होते, आणि फळीवर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांची रांग होती. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून बंधूंच्या हातची अक्षरे होती: "डावे पुढील दार, बिजागरी", "कार्ब्युरेटर, पुरा", "हेडचे नट, वॉशरसह". एका डब्यावर मात्र फक्त "विचारणे" असे लिहिलेले होते, आणि आत पितळेचे दोन बुश होते. ते कोठले, हे माझ्या स्नेह्यांनाही सांगता येईना.

या गाडीचे महत्त्व केवळ कुटुंबापुरते नाही, हेही येथे नमूद करणे अवश्य आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९५० नंतरच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. तिच्या पहिल्या रूपाला, ज्याची पुढची दारे उलट दिशेने उघडत, मुंबईकरांनी डुक्कर फियाट हे नाव दिले. १९६० नंतरच्या दशकात डिलाइट आली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. १०८९ सी.सी.चे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच बसविलेला गिअर, आणि नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर दाराशी येणारी ती वस्तू! मध्यमवर्गीय मराठी घराच्या कर्तेपणाचे ते एक प्रमाणपत्रच होते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटच्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरल्या, कारण त्यांची वीस वर्षांची कायदेशीर मुदत भरली होती. त्या गाड्या आपले काम पुरे करून गेल्या. शेडमधील गाडीला ते समाधान मिळालेले नाही. ती चालत नाही आणि मोडीतही निघत नाही, आणि ही मधली अवस्थाच माझ्या स्नेह्यांना असह्य होते.

आपल्या परंपरेत या बाबतीत दोन वचने एकमेकांच्या तोंडासमोर उभी आहेत. भर्तृहरीने नीतिशतकात माणसांच्या तीन प्रती लावल्या आहेत: विघ्नांच्या भयाने आरंभच न करणारे कनिष्ठ, आरंभ करून विघ्न येताच थांबणारे मध्यम, आणि पुनःपुन्हा आघात होऊनही आरंभिलेले न सोडणारे उत्तम. वामनपंडितांनी ही शतके मराठीत आणल्यापासून हा विचार आपल्या हाडीमासी इतका खिळला आहे की, काम अपुरे ठेवणारा माणूस स्वतःच आपणास दुसऱ्या प्रतीत बसवून मोकळा होतो. उलट भगवद्गीता बाराव्या अध्यायात भक्ताचे आणि चौदाव्यात गुणातीताचे वर्णन करताना त्याला सर्वारंभपरित्यागी म्हणते. मग श्रेष्ठ कोण, आरंभ न सोडणारा की सर्व आरंभ सोडणारा? शंकराचार्यांनी आरंभ म्हणजे इहपरलोकीच्या फलभोगासाठी, कामनेपोटी केलेली कर्मे, असा अर्थ लावून हा विरोध बराचसा मिटविला आहे. पण ज्याच्यापुढे उकललेली गाडी पडली आहे त्याला एवढ्याने निवाडा मिळत नाही. कारण आपला आरंभ कामनेचा होता की कर्तव्याचा, हेच तर त्याला उमगत नसते.

हा निवाडा मला मीमांसकांकडे मिळाला, आणि तो वाचताना त्यांच्या विचारातील स्वच्छता पाहून मन प्रसन्न झाले. जैमिनीच्या सहाव्या अध्यायात प्रश्न असा घातला आहे की, एखाद्याने फलाच्या इच्छेने काम्य याग आरंभिला आणि मध्येच त्याची इच्छा नाहीशी झाली, अथवा फळ आधीच हाती आले, तर याग पुरा केलाच पाहिजे काय? पूर्वपक्ष म्हणतो, इच्छेसाठी आरंभिले, इच्छा सरली, सबब बंधनही सरले. सिद्धांत याच्या उलट आहे: इच्छा हे आरंभाचे कारण खरे, पण आरंभ झाल्यावर समाप्तीचे कारण स्वतः आरंभच असतो, आणि म्हणून सुरू केलेला याग पुरा केलाच पाहिजे. आपल्या घरांतील रूढीही याच न्यायाने चालते. देवक बसले की मग सुतक आले तरी लग्न थांबत नाही. परंतु याला लागूनच मीमांसक दुसरा प्रश्न घेतात: घर बांधणे, गाडा करणे अशा लौकिक कामांनाही हाच नियम लागू आहे काय? आणि त्याचे उत्तर ते निःसंदिग्धपणे नकारार्थी देतात. तेथे शास्त्राची आज्ञा नाही. प्रयोजन हेच तेथे प्रमाण. प्रयोजन असेल तर पुरे करावे, नसेल तर सोडावे, त्यात पाप नाही.

यज्ञकर्माच्या सूक्ष्म चर्चेत आकंठ बुडालेल्या त्या पंडितांना अर्धवट राहिलेल्या गाड्याची आठवण व्हावी आणि त्याच्या धन्याला त्यांनी दोषमुक्त करावे, याचे मला फार मोल वाटते. मी हे माझ्या स्नेह्यांना सांगितले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गाडा एकट्याने केला असता तर हे मला पटलं असतं."

हा आक्षेप साधा नव्हे. दोघा भावांनी मिळून काही आरंभावे आणि एकाने मध्येच निघून जावे, तर उरलेल्याच्या हाती केवळ काम उरत नाही, एक अलिखित करारही उरतो, आणि त्यातील दुसरा पक्षकार मुदत वाढवून देण्यास किंवा सोडचिठ्ठी लिहून देण्यास आता हजर नसतो. मात्र आपण ज्याला दिवंगताची इच्छा म्हणतो ती पुष्कळदा त्याची नसून आपल्या शोकाने त्याच्या नावाने काढलेला हुकूम असतो. बंधूंनी गाडी पुरी कर असे कधी म्हटले नव्हते, हे माझ्या स्नेह्यांनी स्वतःच सांगितले. त्यांना गाडी चालविण्याचीही विशेष हौस नव्हती. त्यांना आवड होती ती संध्याकाळी शेडमध्ये बसून एकेक भाग रॉकेलमध्ये धुण्याची आणि काम करता करता थोरल्या भावाशी बोलण्याची. याचा सरळ अर्थ असा की, ज्या प्रयोजनासाठी त्यांनी हात लावला ते प्रयोजन रोजच्या रोज पुरे होत होते. त्यांच्याकडून या कामात काहीही अपुरे राहिलेले नाही.

या विषयात गीतेचा अठरावा अध्याय मला अधिक उपयोगी वाटतो, कारण तो त्यागाचीच झडती घेतो. मोहाने केलेला त्याग तामस. दुःखकारक आहे, शरीराला क्लेश होतील, या भयाने केलेला त्याग राजस, आणि त्याला त्यागाचे फळ मिळत नाही. या कसोटीला गाडी विकण्याचा निर्णय सहज उतरेल असे नाही. खर्च वाढतो, पाठ दुखते, सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून विकली तर तो राजस त्याग झाला. शेडचे कुलूप उघडवत नाही म्हणून डोळे मिटून भंगारात घातली तर तामस. पण त्याच अध्यायात पुढे धृतीचेही तीन प्रकार सांगितले आहेत, आणि वाचणाऱ्यांचे लक्ष त्यांच्याकडे फारसे जात नाही. ज्या चिकाटीच्या बळावर माणूस भय, शोक आणि विषाद यांना सोडतच नाही, ती धृती तामसी होय! चिकाटी म्हटली की आपण मान लववितो, ती कशाला चिकटली आहे हे पाहत नाही. कुलूप लावून वर्षानुवर्षे राखलेली ती शेड मला भर्तृहरीच्या उत्तम पुरुषाची चिकाटी वाटली नाही. तेथे काम चालू नव्हते. राखला जात होता तो केवळ विषाद, आणि त्याला कामाचे नाव दिले गेले होते.

म्हणून ठेवावी की विकावी यापेक्षा, ठेवण्यामागे कोण आहे आणि विकण्यामागे कोण आहे, हा प्रश्न मला अधिक खरा वाटतो. माझ्या स्नेह्यांना सकाळी उठून हातात पाना घ्यावासा वाटत असता, तर मी त्यांना कर्ज काढूनही गाडी पुरी करा म्हणालो असतो, आणि त्यांचे वय व डॉक्टरांचा सल्ला यांची पर्वा केली नसती. कारण कामाची ओढ ही जिवंत गोष्ट आहे आणि तिला मारणे हाच मोठा दोष. तशी ओढ मला दिसली नाही. उलट, बाहेरची माणसे लावून गाडी पुरी करून घेतली तर ते तिचे काय करणार? पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली वेगळे नियम केले असून त्यांखाली नोंदलेली गाडी नित्याच्या वापरासाठी काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर यावी, असा दंडक आहे. जो माणूस कधी रॅलीला जाणार नाही त्याच्या दारी ती तशीच, फक्त अधिक चकचकीत होऊन, उभी राहिली असती.

मी विकण्याचा सल्ला दिला, आणि तो कोल्हापूरच्या तरुणाला विकण्याचा दिला. या बाबतीत कमी किंमत आली तरी चालेल, पण वस्तू ज्या कामासाठी निर्माण झाली ते काम करू इच्छिणाऱ्याच्या हाती ती जावी, असे माझे ठाम मत आहे. विक्रीचाही धर्म असतो. भेसळीचा, निकस, उणा किंवा झाकून ठेवलेला माल विकू नये, असे मनूने बजावले आहे. त्याला अनुसरून आम्ही दोघांनी बसून एक यादी केली. काय आहे, काय नाही, कोठला पत्रा कापून जोडला आहे, कोठे नुसती लांबी भरून ठेवली आहे आणि वर रंग दिल्यास ती ओळखू येणार नाही, हे सारे त्यात लिहिले. पितळेचे ते दोन बुशही, "स्थान अज्ञात" म्हणून, नोंदविले. आरसी पुस्तक आणि मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३० सोबत जोडले.

त्याच स्मृतीत खरेदी-विक्रीनंतर पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत माल परत देण्याघेण्याची मुभा आहे. विकणाऱ्यालाही मन असते आणि ते सौद्याच्या वेळी पुरते बोलत नाही, हे त्या प्राचीन कायद्याने ओळखले होते. मी तरुणाला ही गोष्ट सांगताच त्याने करारात तेवढी मुदत आपण होऊन लिहून दिली. माझ्या स्नेह्यांनी गाडी परत मागितली नाही. आठव्या दिवशी मात्र त्यांनी कोल्हापूरला दूरध्वनी लावला, कारण रात्रभर विचार करून ते बुश क्लचच्या दांड्याचे असावेत असे त्यांच्या ध्यानात आले होते. आणि तरुणाने बसवून पाहिले तेव्हा ते बरोबर बसले.