करुणा आणि मूल्यनिर्णय : एका फिनिश पंक बँडच्या निमित्ताने

एक

कलाकृतीचा निर्माता कोण आहे हे कळल्यानंतर तिच्या मूल्यनिर्णयात फरक पडावा काय, हा प्रश्न समीक्षेला नवा नाही. विम्झट आणि बियर्डस्ली यांनी १९४६ साली निर्मात्याचा हेतू ही मूल्यमापनाची कसोटी म्हणून अग्राह्य ठरवली. रोलाँ बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला. मात्र या दोन्ही भूमिकांमागे एक गृहीत आहे. ज्या लेखकाला बाजूला सारायचे, त्याचे लेखकपण आधी मान्य झालेले असते. ज्यांचे लेखकपण समाजाने कधी मान्यच केलेले नाही, त्यांच्या संदर्भात निर्मात्याला वगळणे ही तटस्थता ठरते की जुन्याच वगळणुकीची पुनरावृत्ती, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. तो केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही, नैतिकही आहे.

फिनलंडमधील ‘पेर्ट्टी कुरिकान निमिपॅइवॅत’ या पंक बँडचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. हा बँड २००९ साली हेलसिंकी येथे, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठीच्या एका कार्यशाळेत स्थापन झाला. पेर्ट्टी कुरिक्का (गिटार), कारी आल्तो (गायन), सामी हेल्ले (बास) आणि टोनी वॅलितालो (ड्रम) हे चौघेही अशी अक्षमता असलेले. बँडच्या नावाचा अर्थ ‘पेर्ट्टी कुरिक्काचा नामदिन’. फिनिश दिनदर्शिकेत बहुतेक तारखांना काही नावे नेमून दिलेली असतात आणि त्या नावाच्या माणसांना त्या दिवशी शुभेच्छा दिल्या जातात. सर्वांच्या वाट्याला येणारा हा घरगुती मान या नावाने एका माणसासाठी जाहीरपणे मागून घेतला आहे.

या मागणीला इतिहास आहे. फिनलंडमध्ये १९३५ च्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याची तरतूद केली होती. १९५० मध्ये त्या जागी दुसरा कायदा आला. सक्तीचे हे पर्व १९७० च्या कायद्याने संपले. कुरिक्का यांचा जन्म १९५६ चा. म्हणजे त्यांच्या आयुष्याची पहिली काही वर्षे अशा राज्यव्यवस्थेत गेली, जिच्या दृष्टीने त्यांच्यासारख्यांचे शरीर हा इतरांनी निर्णय घेण्याचा विषय होता. पुढे कल्याणकारी राज्याने निवास, काम, उपचार आणि देखरेख दिली. परंतु निर्णय इतरांनीच घेण्याची रीत सौम्य रूपात टिकून राहिली. या बँडच्या गाण्यांचा आशय नेमका येथून येतो.

दोन

२०१५ साली युरोव्हिजन गीतस्पर्धेत फिनलंडचे प्रतिनिधित्व करणारे ‘आइना मुन पितॅ’ हे या बँडचे सर्वांत परिचित गाणे. शीर्षकाचा आशय ‘मला नेहमी करावेच लागते’ असा. दैनंदिन सक्तींची यादी हेच त्याचे शब्दरूप. साफसफाई, भांडी, काम, डॉक्टर हे करायलाच हवे. संगणक, दूरदर्शन, मित्र यांना मनाई. त्यात रूपक नाही, प्रतिमा नाही, कथनाचा विकासही नाही. स्पर्धेत तीन मिनिटांपर्यंत मुभा असताना हे गाणे दीड मिनिटही चालत नाही. स्पर्धेच्या इतिहासातील ते सर्वांत लहान गाणे ठरले.

निव्वळ रूपवादी वाचनात येथे ओबडधोबडपणाशिवाय काही हाती लागणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु पंक हा सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून कौशल्यालाच संशयाने पाहणारा संगीतप्रकार आहे. थोडे सूर, वेग, त्रोटकपणा आणि गाण्यापेक्षा ओरडण्याकडे झुकणारा आवाज ही त्याची संकेतव्यवस्था आहे. त्या संकेतांच्या चौकटीत या यादीची एकसुरी पुनरावृत्ती अर्थपूर्ण ठरते. कारण ज्या जगण्याबद्दल ती बोलते तेही एकसुरी आहे. गाणे अचानक थांबते, तेव्हा तक्रारीचे निवारण झालेले नसते. दुसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा सुरू होणार, हे श्रोत्याला त्या थांबण्यातूनच कळते. येथे रूप आणि आशय यांची सांगड घातली गेली आहे, आणि ती निर्मात्यांच्या वैद्यकीय निदानाचा आधार न घेता दाखवता येते.

तरीही निर्मात्यांना पूर्णतः वगळता येत नाही. हीच यादी एखाद्या कंटाळलेल्या किशोराने गायली तर ती आईवडिलांविरुद्धची तात्पुरती कुरकुर ठरेल. वय वाढले की ती संपेल. प्रौढ माणूस ती गातो तेव्हा ‘नेहमी’ या शब्दाचा अर्थ बदलतो. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली. लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी यांपैकी कोणत्याही एका ध्रुवावर ठाम उभे राहून या गाण्याचे पूर्ण आकलन होत नाही, याचे कारण असे आहे.

तीन

यावर एक आक्षेप संभवतो. कार्यशाळेत मार्गदर्शक असतात. तेव्हा ही निर्मिती खरोखर या चौघांची मानावी काय? युक्का कॅर्कॅइनेन आणि जे. पी. पासी यांच्या ‘कोवासिकायुत्तु’ (२०१२) या माहितीपटात बँडची निर्मितिप्रक्रिया जवळून दिसते. कुरिक्का रोजनिशी लिहितात आणि सूर बांधतात. आल्तो यांचा संताप गाण्याचा ऐवज होतो. तालमीत चुका होतात, भांडणे होतात, रडू येते, तालीम पुन्हा सुरू होते. मार्गदर्शकाची मदत असते, हेही दिसते. पण मदतीमुळे कर्तृत्व उणावते हे तत्त्व मान्य केले, तर ते सर्वत्र लावावे लागेल. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ (१९२२) या कवितेवर पाउंडने मोठी काटछाट केली. म्हणून एलियटचे कवित्व कोणी नाकारत नाही.

याहून जवळचा दाखला फिनिश परंपरेतच आहे. ‘कालेवाला’ हे महाकाव्य (१८३५, विस्तारित आवृत्ती १८४९) एलियास ल्योनरोट यांच्या नावाने ओळखले जाते. त्याची सामग्री मात्र कारेलियातील आर्हिप्पा पेर्ट्टुनेन यांच्यासारख्या लोकगायकांच्या मुखातून आली होती. तेथे संकलकाला कर्तृत्व मिळाले आणि गायक ‘स्रोत’ झाले. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की दिसते ते असे : साहाय्य आणि कर्तृत्व यांची विभागणी नेहमी कामाच्या मापानेच होत नाही, प्रतिष्ठेच्या मापानेही होते. या बँडने सूर बांधणाऱ्याचे नाव स्वतःच्या नावातच गोवून या विभागणीला विरोध केला आहे.

चार

आता करुणेचा प्रश्न. अशा कलावंतांच्या स्तुतीत त्यांच्या धैर्याचा, प्रेरकतेचा, निरागसतेचा गौरव सहज येतो. जी स्तुती निंदेत बदलण्याची शक्यताच नाही, ती मूल्यनिर्णय ठरत नाही. तिच्यात समोरच्याला निर्णयास पात्र मानण्याचेच नाकारलेले असते. हा नैतिक दोष झाला. त्याबरोबर वाचनाचा दोषही घडतो, तो अधिक दुर्लक्षित आहे. या गाण्याचा स्थायीभाव क्रोध आहे. ते ऐकून श्रोता शोकाच्या अंगाने द्रवत असेल, तर त्याने गाणे ऐकलेलेच नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक विघ्न आहे : स्वतःच्याच सुखदुःखाने प्रेक्षक व्यापला गेला की आस्वाद खुंटतो. स्वतःच्या कनवाळूपणाचे सुख हेही त्याच जातीचे विघ्न मानावे लागेल. येथे दया नैतिकदृष्ट्या जितकी अपुरी, तितकीच ती रसभंग करणारीही आहे.

मे २०१५ मध्ये व्हिएन्ना येथे बँड पहिल्या उपान्त्य फेरीत गायला आणि अंतिम फेरीत पोचला नाही. या पराभवाचे दोन सोपे अर्थ लावता येतात : पूर्वग्रहाचा विजय झाला, किंवा निवड मुळातच दयेपोटी झाली होती. दोन्ही अर्थांत गाणे अनुपस्थित आहे. सुरेल, लांबलेल्या, नेत्रदीपक गीतांच्या स्पर्धेत एक खरखरीत पंक गाणे कित्येकांना आवडले नसेल, ही साधी शक्यता त्यांत उरत नाही. एखादे गाणे न आवडण्याचा श्रोत्याचा अधिकार मान्य केल्याखेरीज ते आवडल्याच्या म्हणण्यालाही वजन येत नाही.

अर्थात न्याय्य निर्णय म्हणजे सर्वांना एकच फूटपट्टी, असे नाही. फूटपट्टी कलाप्रकारातून यावी, निदानातून नव्हे, इतकेच येथे अभिप्रेत आहे. पंकच्या कसोटीवर या बँडची काही गाणी उतरतील, काही पडतील. कुठली आणि का, हे सांगणे समीक्षेचे काम आहे. फिनलंडने विकलांग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २०१६ मध्ये संमत केला. त्याच वर्षाच्या अखेरीस, कुरिक्का साठ वर्षांचे झाले तेव्हा, बँडने आपले काम थांबवले. करार हक्क देऊ शकतो. चुकीचा सूर लागला तर तसे सांगितले जाण्याचा मान मात्र श्रोत्याकडूनच मिळावा लागतो, आणि तो देण्यासाठी आधी नीट ऐकावे लागते.