नासणे आणि विरजणे

उन्हाळ्यातल्या सकाळी, रात्रीचे दूध पुन्हा चुलीवर चढविण्यापूर्वी, त्यातले पळीभर वाटीत काढून ती वाटी विस्तवावर धरायची आणि कडेला कण दिसतात की काय हे निरखायचे, हा परिपाठ आपल्याकडच्या कित्येक घरांतून चालत आला आहे. आणि गावच्या दूधसंकलन केंद्रात काचेच्या नळीत ५ मिलिलिटर दूध उकळून ते स्वीकारायचे की परत करायचे याचा निवाडा करणारा कारकूनही याहून निराळे काही करीत नसतो. दोघांनाही एकाच गोष्टीची खातरजमा हवी असते : दुधात आम्ल किती साठले?

दुधातील शर्करेवर जगणारे जंतू तिचे ज्या आम्लात रूपांतर करतात, ते रसायनज्ञ शीले यांनी १७८० साली स्वीडनमध्ये आंबलेल्या दुधातूनच वेगळे काढले. ताज्या दुधाचा सामू ६.७ च्या आसपास असतो, तो ६ च्या खाली उतरू लागला की दूध ताप सोसत नाही, फाटते, आणि ४.६ वर पोहोचला की विस्तवावाचूनच थिजते. विरजण लावलेल्या दुधातही हेच आम्ल आणि हेच थिजणे असते. तरी आपल्या भाषेने एकाला 'विरजणे' आणि दुसऱ्याला 'नासणे' म्हटले, कारण पहिल्यात कोणते जंतू यावेत हे घरच्या बाईने कालच्या चमचाभर दह्याने ठरविलेले असते, आणि दुसऱ्यात ते भांड्याने, हवेने व उकाड्याने परस्पर ठरविलेले असते.

कोणत्या जंतूंना दुधात थारा द्यायचा, हा निर्णय देशोदेशी निरनिराळा झाला, म्हणून दूधही देशोदेशी निरनिराळे नासते. अस्वच्छ दुधापायी शहरांत बालके दगावू लागली, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस यांनी १८९३ पासून पाश्चरीकृत दुधाची केंद्रे उघडली आणि १९०८ साली शिकागोने पाश्चरीकरणाची सक्ती जारी केली. ७२ अंश सेल्सियसवर १५ सेकंद तापविलेल्या दुधात क्षयाचे जंतू उरत नाहीत, पण त्यांच्याबरोबर आंबविणारे जंतूही बहुतांशी नाहीसे होतात. आणि त्या ओस पडलेल्या मुलखात, नळ्यांतून व यंत्रांतून मागाहून शिरणारे, ४ अंशांच्या गारठ्यातही वाढणारे स्यूडोमोनास जातीचे जंतू आपला अंमल बसवितात, व प्रथिने आणि स्निग्धांश यांची फोड करू लागतात. त्यामुळे अमेरिकेत संसार थाटलेल्या मराठी गृहिणीला शीतकपाटात फार दिवस राहिलेले दूध आंबट न लागता कडू आणि कुबट लागते. फ्रान्स व स्पेन येथे बहुतेक दूध १३५ अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक वेष्टनात बंद केलेले असते. ते महिनोन्‌महिने फळीवर निर्धास्त राहते, आणि त्याच्या नासण्याची मुदत वेष्टन फोडल्या घडीपासून सुरू होते. आपल्याकडे दूध रोज तापते आणि बहुधा उबेतच राहते, म्हणून ते आंबते.

पाश्चरीकरणाने जी बालके वाचली त्यांचे मोल एवढे मोठे आहे, की कच्च्या दुधाचा आग्रह धरणाऱ्याची बाजू मला कधीही घेता येणार नाही. परंतु आंबटपणा ही दुधाची स्वतःची जबानी होती, आणि ती जिथे बंद पडली तिथे वेष्टनावरची तारीख दुधाच्या वतीने बोलू लागली. ती तारीख आधीच छापलेली असल्यामुळे, पिशवी वाटेत दोन तास उन्हात पडून होती हे तिला ठाऊक नसते, वाटीतल्या पळीभर दुधाला मात्र ते ठाऊक असते. म्हणून यंत्राचा बंदोबस्त कितीही चोख झाला तरी ते निरखणे घरांतून जाऊ नये असे मला मनापासून वाटते. फाटलेले दूध पाहून हळहळणारी, आणि मग त्यातच साखर घालून मंद आचेवर ते आटवीत बसणारी बाई, तिच्या हातून निसटलेला निर्णय पुन्हा आपल्या हाती घेत असते.