शिपायांनी काय करावे?



आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, 'क' वर्षात, आपण संत लूकच्या शुभवर्तमानातील तिसरा अध्याय ऐकतो. जकातदारांच्या मागोमाग शिपाईही योहान बाप्तिस्ताला विचारतात, आम्ही काय करावे? तलवार टाकून द्या, असे योहान म्हणत नाही. लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधान माना, एवढेच सांगतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरचे कोणी सैन्यात आहे त्यांना हे ऐकून हायसे वाटत असेल. इतरांना मात्र हे उत्तर फारच सौम्य वाटते.

स्वित्झर्लंडमधील बासल शहराच्या कलासंग्रहालयात शाई व लेखणीने काढलेले १५२१ सालचे एक चित्र आहे. चित्रकार उर्स ग्राफ पेशाने सोनार, शिवाय स्वतः भाडोत्री शिपाई. त्या काळी स्विस पायदळाचा दबदबा असा, की परदेशचे राजे पैसे मोजून ते लढायला नेत. (पोप दुसरे ज्युलियस यांनी १५०६ मध्ये रोमला आणलेले स्विस रक्षक आजही व्हॅटिकनच्या सेवेत आहेत.)

चित्रात पुढे प्रेतांचा खच आहे. झाडाला माणसे टांगली आहेत, मागे गाव जळते आहे, लढाई अजून चालूच आहे. आणि या सगळ्यात एक शिपाई उभा राहून बाटली तोंडाला लावून घटाघटा पितो आहे. हे सारे सोनाराच्या बारकाईने काढलेले.

तहान लागणे हे काही पाप नव्हे. आपली नजर अडते ती दुसरीकडे. पडलेल्यांपैकी काहींच्या अंगावर कपडे नाहीत. ते कोणी काढून नेले? लूट हा त्या काळी शिपायाच्या कमाईचाच भाग समजला जाई. योहानाने बोट ठेवले ते नेमके इथे. पगारात समाधान माना म्हणजे मेलेल्याच्या अंगावरचा सदरा आपला समजू नका!

पण मुळात पगारासाठी मारणेच योग्य का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, लोकांच्या सुरक्षिततेसाठी कर्तव्य बजावणारा सैनिक शांतीला हातभार लावतो, असे म्हटले. चित्रातला शिपाई त्यात बसत नाही. फ्लूचे संत निकोलस स्वतः एकेकाळी शिपाई होते. परक्यांच्या भांडणात पडू नका, असा सल्ला त्यांनी आपल्या स्विस बांधवांना दिल्याचे सांगतात. ते १४८७ साली वारले. हा सल्ला उर्स ग्राफच्या कानावर आला असेल की नाही, कोण जाणे. तो मात्र पुन्हा पुन्हा मोहिमांवर जात राहिला, आणि आपल्या सहीत पुष्कळदा खंजीर काढीत असे.