सेवेची शिदोरी

अमेरिकेतील कित्येक चर्चमधून दर उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांच्या सेवायात्रेसाठी माणसे परदेशी निघतात. ग्वाटेमालात वा केनियात शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगायच्या. तयारी महिनोन्महिने चालते : पासपोर्ट, लशी, वर्गणीची पत्रे, प्रार्थनासभा. हेतू निर्मळ असतो. पण एक प्रश्न बोचतोच. एवढ्या प्रवासखर्चात त्याच गावच्या रंगाऱ्याला काम मिळाले नसते काय?

हिशेबाची वही याला ‘होय’ म्हणेल. पण माणूस माणसाला भेटतो, त्याची नोंद वहीत होत नाही. तेव्हा जाऊच नये, असे मी म्हणणार नाही. काय होऊन जावे, एवढेच विचारीन.

याचा एक दाखला आपल्या भाषेतच आहे. इंग्रज धर्मोपदेशक फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले १६१६ साली. मध्ये ३७ वर्षे गेली! त्यांच्या पाठीशी पोर्तुगीज सत्ता होती, हे विसरता येत नाही. परंतु ओवी काही सत्तेच्या बळावर साधत नाही. त्यासाठी शिकवायला आलेल्याला आधी शिष्य व्हावे लागते.

दहा दिवसांत ओवी साधणार नाही, हे खरे. पण यजमानाचे नाव नीट उच्चारता येईल. रंगाऱ्याच्या हाती कुंचला देऊन आपल्याला डबा धरता येईल. फराळाचे ताट शेजारी पाठवले, तर आपल्याकडे ते रिकामे परत येत नाही. देण्यासाठी निघालेल्यानेही घेण्यापुरती जागा पिशवीत राखून ठेवावी.