नकाराची मोकळीक

बदलीच्या गावी बिऱ्हाड लागले की आम्हां नोकरदारांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुलांच्या शाळेचा. मराठी शाळा तेथे बहुधा नसते. मग मिशनच्या शाळेत नाव घालावे लागते. शिक्षण चांगले, शिस्त चांगली, म्हणून आपण निश्चिंत होतो. पुढे एखाद्या संध्याकाळी मुलगा विचारतो, "बाबा, येशू खरा की आपला गणपती खरा?" आणि आपली निश्चिंती सरते. शाळेने कोवळ्या मुलांशी श्रद्धेविषयी बोलावे काय, आणि बोलावयाचे तर कोठवर, हा प्रश्न त्या क्षणी आपल्या घरचा होतो. त्याचे उत्तर घाईने देण्यापूर्वी दूर जपानात घडलेली एक हकीकत ध्यानात घेण्यासारखी आहे.

जपानात ख्रिस्ती धर्मावरील बंदीचे फलक १८७३ साली उतरविण्यात आले. त्यानंतर तीनच वर्षांनी, उत्तरेकडील होक्काइडो बेटावर, साप्पोरो येथे सरकारने शेतकी महाविद्यालय काढले आणि ते उभारण्यासाठी अमेरिकेतून विल्यम क्लार्क यांस बोलाविले. क्लार्क हे पाद्री नव्हते. मॅसॅच्युसेट्स येथील शेतकी महाविद्यालयाचे ते अध्यक्ष. परंतु विद्यार्थ्यांस नीती शिकवावयाची तर ती बायबलच्याच आधारे, असा त्यांनी आग्रह धरला आणि सरकारी अधिकाऱ्यांनी नाखुशीने का होईना, मान तुकविली. क्लार्क तेथे जेमतेम आठ महिने राहिले. तेवढ्यात, १८७७ च्या मार्चमध्ये, त्यांनी येशूवरील श्रद्धेचे एक प्रतिज्ञापत्र लिहिले, पहिल्या तुकडीतील विद्यार्थ्यांनी त्यावर सह्या केल्या, आणि एप्रिलमध्ये गुरुजी स्वदेशी निघून गेले.

त्याच वर्षी दुसरी तुकडी आली. तीत सामुराई घराण्यातला सोळा वर्षांचा उचिमुरा कांझो होता. वरच्या वर्गातील मुले नव्या धर्माच्या उत्साहात या नवागतांच्या मागे लागली. उचिमुरा अनेक देवांचा भाविक. तो गावातील देवस्थानी गेला आणि हे परक्या देवाचे वेड आवरावे, अशी त्याने देवापाशी करुणा भाकली. पण एकेक सोबती सही करीत गेला, आणि अखेर एकटे पडलेल्या त्या मुलानेही सही केली. १८९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी आत्मवृत्तात, ही सही आपल्या इच्छेविरुद्ध झाली, असे त्याने निःसंकोचपणे नमूद केले आहे.

आता कोणी म्हणेल, उचिमुरा पुढे जन्मभर निष्ठावंत ख्रिस्ती राहिला; मग त्या बळजबरीने काय बिघडले? आमच्या मते या युक्तिवादात एक चूक आहे. सही सोबत्यांच्या रेट्याने झाली. श्रद्धा मात्र पुढे त्याची त्याने मिळविली. १८८१ साली पदवी घेऊन ही मुले सरकारी नोकरीत शिरली आणि साप्पोरोत त्यांनी आपले स्वतंत्र प्रार्थनामंदिर उभे केले. त्यासाठी एका अमेरिकन मिशनचे पैसे आले होते. मिशनच्या सत्तेखाली राहावयाचे नाही असे ठरताच, १८८२ साल संपण्यापूर्वी, त्यांनी ती रक्कम आपल्या बेताच्या पगारातून फेडून टाकली. पहिल्या तारखेकडे डोळे लावणाऱ्या आम्हां मंडळींस या परतफेडीचे मोल समजावून सांगावयास नको. आमच्या दृष्टीने त्यांची खरी सही ती.

हकीकत येथे संपत नाही. १८९१ च्या जानेवारीत उचिमुरा टोकियोतील एका सरकारी विद्यालयात शिक्षक होता. सम्राटाच्या सहीच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे शिक्षक व विद्यार्थी यांनी एकेक करून कमरेत वाकून वंदन करावयाचे होते. उचिमुराची पाळी आली तेव्हा तो अडखळला. त्याने मान किंचित लवविली, एवढेच. देशभर गहजब झाला, आणि नोकरी गेली. सोळाव्या वर्षी ज्यास 'नाही' म्हणता आले नव्हते, त्याने तिसाव्या वर्षी ते अर्धवट का होईना, म्हटले. पहिल्या वेळी दडपण श्रद्धेच्या दूतांचे होते, दुसऱ्या वेळी राष्ट्राच्या अभिमान्यांचे. दोन्ही वेळी स्थळ विद्यालयाचेच होते, आणि दोन्ही वेळी चारचौघांदेखत एकट्यास विचारले गेले होते.

यावरून आम्हांस एक कसोटी सुचते. मुलांशी ईश्वराविषयी बोलणे हा अपराध नव्हे. जी शाळा असे प्रश्न दाराबाहेर ठेवते, ती मुलांस पोरकेच ठेवते. परंतु बोलणाऱ्याने स्वतःस विचारावे: समोरच्या मुलाने 'मला हे पटत नाही' असे म्हटले, तर त्याचे काय जाईल? गुण, गुरुजींची मर्जी, सोबत्यांची संगत, यांपैकी काहीही जाणार असेल, तर त्याच्या होकारास होकार म्हणता येत नाही. आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानेही, सरकारमान्य वा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना संमतीवाचून कोणावर लादता येणार नाही, असे बंधन घातले आहे. विद्यार्थी अज्ञान असेल तर ती संमती पालकाची.

पालकाची! म्हणजे आपली. येथे मिशनवाल्यांकडे रोखलेले बोट वळून आपल्याकडे येते. दिवेलागणीस शुभंकरोती म्हणावयास कंटाळलेल्या मुलाकडे आपण कोणत्या डोळ्यांनी पाहतो? परमुलखात आपली भाषा, आपले सण, आपले देव मुलांच्या हातून निसटतील, या धास्तीने आपण त्यांच्यावर किती सह्यांची सक्ती करतो? संस्कार हवेतच, हात धरल्यावाचून मूल चालावयास शिकत नाही. पण हात धरणे निराळे आणि हात धरून सही करविणे निराळे.

तेव्हा येशू खरा की गणपती, असे मुलाने विचारले, तर आम्ही आमची श्रद्धा त्यास सांगू, ती का, तेही सांगू, आणि त्याचे मत विचारू. त्याचे उत्तर आमच्यासारखे नसले, तरी त्या रात्री त्याचे पान आमच्या शेजारीच मांडलेले असेल.