माघारी फिरण्याची मुभा

‘वादळाला घाबरून परत यायचं होतं, तर निघालेच कशाला?’ अर्ध्यावर सोडलेल्या सागरी सफरीची बातमी आली की हा शेरा हमखास कानावर येतो आणि दर वेळी तितकाच खटकतो. नाशिकसारख्या घाटावरच्या शहरात तो जरा जास्तच ठासून मारला जातो, कारण इथल्या बहुतेकांसाठी समुद्र म्हणजे सुट्टीतले चार दिवस. जो वारा शीड भरतो तोच गलबत अडवतोही, हे कोणालाही ठाऊक असतं. तपासायचा आहे तो शेऱ्यामागचा समज. सफर म्हणजे संकल्प, आणि वाट बदलली की संकल्प मोडला, असा तो समज आहे.

1665च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराज मालवणहून आरमार घेऊन कर्नाटक किनाऱ्यावरच्या बसरूरवर गेले. त्यांनी जातीने केलेली ही एकमेव सागरी मोहीम मानली जाते. परतताना वायव्येच्या वाऱ्यांनी आरमार बरेच दिवस अडवून ठेवलं, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. उत्तरेकडे निघालेल्या शिडाच्या जहाजाला वायव्येचा वारा जवळजवळ तोंडावरच येतो. तिथे हिमतीचा प्रश्नच उरत नाही, किनाऱ्याच्या आडोशाला थांबावंच लागतं. तिकडे 3 मार्चला मुघल सेनापती मिर्झाराजे जयसिंग पुण्यात दाखल झाले, महिनाअखेरीस पुरंदरला वेढा पडला आणि जूनच्या तहात 23 किल्ले द्यावे लागले. वाऱ्यात गेलेल्या दिवसांमुळे हे सगळं घडलं, असं म्हणणं अतिरेकाचं होईल. पण थांबणं फुकट पडत नाही, शहाणपणाने थांबलं तरी नाही, एवढं यातून दिसतं. आणि तरीही त्या थांबण्याला आजवर कोणी भ्याडपणा म्हटलेलं नाही.

शेरा मारणाऱ्याकडे याला उत्तर आहे, आणि ते अभिलाष टॉमी यांचं नाव घेऊन येतं. 2012-13मध्ये ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून त्यांनी मुंबईहून निघून एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली; असं करणारे ते पहिले भारतीय. दर वादळाला बंदर गाठलं असतं तर हे झालं असतं का? नसतं, हे मान्यच करायला हवं. त्याच टॉमींची ‘थुरिया’ ही नौका गोल्डन ग्लोब शर्यतीत असताना सप्टेंबर 2018मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात सापडली. डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. पुढे 2022मध्ये ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि दुसरे आले. या जिद्दीपुढे मान तुकवावीच लागते. पण नौकेवर ते एकटे होते. पुढे जायचं की वळायचं, हे ज्याने ठरवायचं त्याचाच जीव पणाला लागलेला होता. खरा भेद जिद्द आणि माघार यांच्यात नाहीच. ठरवणारा आणि सोसणारा एकच आहे की वेगळे आहेत, हा तो भेद आहे. राजाला किंवा एकट्या दर्यावर्दीला वळण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

इथे नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या निफाड-दिंडोरीकडे वळल्याशिवाय राहवत नाही. अवकाळी पावसाचा अंदाज द्राक्षबागायतदारालाही चार दिवस आधी मिळतो. साखर भरलेले मणी पाण्याने तडकणार, हे त्याला पक्कं माहीत असतं. पण बाग उचलून दुसरीकडे नेता येत नाही. अंदाज हातात असूनही तो जागच्या जागी खिळलेला असतो. नौकेला वळता येतं, हे तिचं केवढं मोठं भाग्य! म्हणून वळता येत असून वळू दिलं जात नाही, तेव्हा ते अधिक जिव्हारी लागतं. मे 2021मध्ये तौक्ते वादळाचे इशारे आधीच देऊन झाले होते. तरीही मुंबईपासून दूर तेलक्षेत्रात ‘पी-305’ हा बार्ज उभाच राहिला. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर सुटले, बार्ज भरकटला आणि 17 मे रोजी बुडाला. त्यावर 261 जण होते. सत्तरहून अधिक परतले नाहीत. त्यांच्यातल्या वेल्डरला किंवा स्वयंपाक्याला ‘चला परत’ म्हणण्याचा अधिकार कुठे होता? इथे परतणाऱ्याच्या शहाणपणाचं कौतुक करून भागत नाही. शहाणपण नौकेवर असून उपयोग नाही, मुभा किनाऱ्यावरून मिळावी लागते.

2017च्या डिसेंबरात ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या 68 बोटी 952 मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला लागल्या, कारण तिथे त्यांना आसरा मिळाला. अशी दारं उघडी असतात तेव्हा तांडेलाचा, म्हणजे बोटीच्या म्होरक्याचा, निर्णय सोपा होतो. पण रिकाम्या जाळ्यांनी परतलेल्या फेरीचं डिझेल आणि बर्फ कोणाच्या नावावर पडतं? खलाशाची कमाई वाट्यावर असेल तर त्या दिवशी त्याच्या हाती काय येतं? भरपाई ठेवली तर जरा वारा सुटला की सगळे परततील, अशी शंका कोणी काढेल. त्यासाठी बंदरावर बावटा आहे. तीन नंबरचा बावटा तांडेलाच्या मर्जीने चढत नाही, तो हवामान खात्याच्या इशाऱ्यावरून चढतो. तो चढलेला असताना परतलेल्या फेरीचा खर्च सरकार आणि बोटमालक यांनी आधीच वाटून घ्यावा, खलाशाच्या वाट्यातून तो कापू नये.